चेंडूशिवायचा तास

माझी धाकटी बहीण फुटबॉलची कोच होती असं मी सांगितलं, की लोक आधी मला न्याहाळतात. माझी काठी, माझा जाड चष्मा, माझी चाल. मग सांभाळून विचारतात, "म्हणजे शाळेत पी.टी. घ्यायच्या का?" नाही. कॉलेजच्या मुलींच्या संघाची मुख्य कोच. निवृत्त होईपर्यंत.

त्याच कॉलेजात मी ग्रंथपाल होते. आमचं वाचनालय पहिल्या मजल्यावर होतं आणि माझ्या टेबलामागच्या खिडकीतून अख्खं मैदान दिसायचं. पुस्तकं देता-घेता मी तिचा जवळजवळ सगळा प्रवास त्या खिडकीतून पाहिला, त्यामुळे तो सांगायचा हक्क माझा आहे असं मी धरून चालते. तिला सांगायला बसवलं तर ती दोन वाक्यांत उरकेल आणि चहा टाकायला उठेल.

ती शिकली त्याच कॉलेजात, खेळली त्याच मैदानावर, मधल्या फळीत. शेवटच्या वर्षाला एका मॅचमध्ये तिचा गुडघा असा काही फिरला, की मी खिडकीपासून मैदानापर्यंत कशी पोचले ते मला आजही सांगता येणार नाही. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालेल, जिने चढेल, पण खेळणं विसरा. आई तेव्हा नव्हती. आईच्या जागी मी होते, आणि पलंगावर प्लास्टरमधला पाय लांब करून भिंतीकडे तोंड करून पडलेल्या पोरीला काय बोलावं ते मला सुचत नव्हतं.

ते सुचलं भोंग्याला. भोंगा म्हणजे तेव्हाचे कोच. सगळं कॉलेज त्यांना पाठीमागे भोंगा म्हणायचं आणि त्यांनाही ते माहीत होतं. ते मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभं राहून "मागे ये" असं ओरडले की वाचनालयातली मुलंसुद्धा एक पाऊल मागे सरकायची. ते घरी आले, खुर्चीत बसले आणि त्यांच्या मानाने हळू, म्हणजे शेजाऱ्यांना कळेल इतपतच आवाजात म्हणाले, "बसूनच राहायचं आहे ना? मग मैदानावर येऊन बस. इथे भिंतीत काय मॅच चालू आहे का?"

दुसऱ्या दिवसापासून ती कुबड्या घेऊन बाकावर जाऊन बसायला लागली. आणि तिथेच, मला वाटतं, ती कोच झाली. स्वतः खेळत असताना तिचं लक्ष चेंडूवर असायचं. आता चेंडू आपल्याकडे येणार नाही हे कळल्यावर ती बाकीच्यांकडे बघायला लागली. चेंडू उजवीकडे असताना डावीकडची पोरगी काय करते, उभी राहून वेणी बांधते की आत सरकते. बचावातल्या दोघींमध्ये किती अंतर पडतं. हे सगळं ती घरी येऊन मला सांगायची, आणि मला त्यातलं निम्मं कळायचं.

हे खूळ घरापर्यंत आलं. टीव्हीवर मॅच लागली की ही उठून टीव्हीसमोर उभी राहायची आणि चेंडू जिथे असेल तिथे काचेवर पंजा ठेवायची. चेंडू जाईल तसा पंजा फिरवायची. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडांत बघून थकून आलेले, त्यांना जरा मॅच बघायची असायची.

"मेव्हणीबाई," हे म्हणायचे, "गोल झाला असं तो माणूस ओरडतोय. तुमच्या तळहातावर झाला का?"

"भाऊजी, चेंडू काय बघायचा? तो सगळ्यांनाच दिसतो. बाकीच्यांकडे बघा."

"बाकीच्यांकडे बघायला मी तिकीट काढून आलेलो नाही. मला चेंडू बघू दे, बाई."

नंतर त्यांनीच कंटाळून तिच्यासाठी दुसऱ्या खोलीत जुना टीव्ही लावून दिला.

पाय बरा झाल्यावर ती भोंग्याची मदतनीस झाली. मदतनीस म्हणजे काय, तर मैदानात प्लास्टिकचे कोन मांडायचे, रंगीत जाकिटं वाटायची, घोट्यांना पट्ट्या बांधायच्या आणि शेवटी जाकिटं धुऊन वाळत घालायची. मग एका शाळेत लहान मुलींचा संघ मिळाला. तिथे सगळ्या मुली मधमाश्यांसारख्या चेंडूभोवती घोंगावायच्या, गोलकीपरसकट. त्या वर्षी तिचा आवाज जो बसला तो पुरता सुटलाच नाही. मुळात ती हळू बोलणारी, त्यात घसा गेला. प्रशिक्षकांच्या परीक्षा ती एकेक करून देत गेली. मग दुसऱ्या एका शहरातल्या कॉलेजात सहायक म्हणून गेली, लाँड्रीच्या वरच्या भाड्याच्या खोलीत राहिली. ती खोली थंडीत फार छान असते आणि उन्हाळ्यात विचारू नको, असं तिने कळवलं होतं. मग भोंग्याने तिला परत बोलावून घेतलं, सहायक कोच म्हणून.

त्यानंतरची बरीच वर्षं त्या दोघांची जोडी मी खिडकीतून पाहिली. ती काहीतरी हळू बोलायची, मग भोंगा तेच मैदानभर ओरडायचे. दोघं मिळून एक कोच व्हायचा. संघ जिंकायला लागला. नाव अर्थातच भोंग्याचं व्हायचं, कारण ऐकू त्यांचाच आवाज यायचा. भोंगा माणूस सरळ. ते सांगायचे, "डोकं हिचं आहे, मी नुसता घसा." पण लोकांना तो त्यांचा मोठेपणा वाटायचा.

मग भोंगा निवृत्त झाले.

जागा निघाली तेव्हा मला वाटलं, अर्ज तरी कशाला करायचा, जागा तिचीच. तसं झालं नाही. एका मोठ्या व्यावसायिक क्लबात खेळलेल्या एका माणसाने अर्ज केला. पाठीवर नऊ नंबर घालून खेळायचा, म्हणून सगळे त्याला नऊ नंबरच म्हणत. माणूस देखणा, हसतमुख, आणि शिपायापासून संस्थेच्या अध्यक्षबाईंपर्यंत सगळ्यांशी त्याच गोडव्याने बोलणारा. त्याला नावं ठेवायला मी बरीच जागा शोधली, सापडली नाही.

त्याने एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट सांगितली होती. मी आलो तर माझा सहायक माझ्याबरोबर येईल. तसाच रिवाज असतो त्या धंद्यात, कोच बदलला की त्याची माणसंही बदलतात. म्हणजे धाकटीने मुख्य कोच तरी व्हायचं, नाहीतर त्या मैदानावरून कायमचं उठायचं. मधली जागा नव्हती. वयाच्या चाळिशीनंतर पुन्हा लाँड्रीच्या वरची खोली.

कॉलेजने ठरवलं, दोघांनी निवड समितीसमोर संघाचा एकेक तास सराव घ्यावा, मग मुलाखत. नऊ नंबरचा तास बुधवारी झाला. काय सांगू. मैदानभर चेंडूच चेंडू. तो स्वतः लांबून चेंडू उडवायचा आणि मुली धावत जाऊन जाळ्यात मारायच्या. शिट्टी, टाळ्या, हशा. वाचनालयातली मुलं पुस्तकं उघडी टाकून माझ्या खिडकीशी गोळा झाली आणि मीही त्यांना हटकलं नाही. खाली प्राचार्य आणि अध्यक्षबाई खुर्च्यांवर पुढे सरकून बसले होते.

त्या संध्याकाळी जेवताना मी धाकटीला विचारलं, "उद्या तू काय करणार?"

"चेंडूशिवाय खेळवणार," ती म्हणाली.

हे चमचा हातात धरून थांबले. "चेंडू कमी पडलेत का? एखादा मी घेऊन देतो."

"चेंडू भरपूर आहेत, भाऊजी. पण चेंडू दिसला की सगळ्या त्याच्याकडेच बघतात. शनिवारच्या मॅचला समोरचा संघ तगडा आहे, तो आम्हाला चेंडू फारसा मिळू देणारच नाही. मग चेंडू आपल्याकडे नसताना कुठे उभं राहायचं, ते अंगात भिनायला नको? आम्ही नेहमीच करतो. मनातल्या मनात चेंडू धरायचा आणि खेळायचं."

"ते शुक्रवारी कर," मी म्हणाले.

"शुक्रवारी पाय मोकळे करायचे असतात. आदल्या दिवशी दमवून चालत नाही."

"अगं, पण उद्या समिती येणार आहे. आज त्याने काय धमाल केली, पाहिलीस ना?"

"पाहिली. छान होती."

"मग?"

"मग काय? त्याला शनिवारी मॅच नाहीये, ताई."

"तुला तरी असेल कशावरून? उद्या त्यांना तुझं पटलं नाही तर शनिवारी तू त्या मुलींची कोण?"

"शनिवारी संध्याकाळपर्यंत मीच आहे. तसं पत्रच आहे माझ्याकडे." तिने माझ्या वाटीत आमटी वाढली. "तू जेव."

यांनी माझी बाजू घ्यायचा प्रयत्न केला. "मेव्हणीबाई, मी धंद्यातली गोष्ट सांगतो. पेशंटच्या तोंडात निदान आरसा तरी घालावा लागतो. नुसतं लांबून हात हलवून 'झालं तुमचं काम' म्हटलं तर कुणी फी देईल का?"

"दुखायचं थांबलं तर देईल की."

"थांबलंय हे कळायला एक रात्र जाते. समिती रात्रभर बसणार आहे का मैदानावर?"

ती हसली, पण ऐकलं नाही. मी पुढे बोलत राहिले. निदान अर्धा तास चेंडू घे, शेवटी दोन-चार गोल मारू दे, अध्यक्षबाईंना टाळ्या वाजवायला काहीतरी दे. ती ताटं गोळा करत ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, मला कोच म्हणून घ्यायचं तर मी जशी कोच आहे तशी बघून घ्या. उद्या दुसरंच काहीतरी दाखवलं आणि त्यांनी घेतलं, तर मग ते मला रोज करावं लागेल."

 मला राग आला, कारण ती बरोबर बोलत होती आणि तरी तिचं नुकसान होणार होतं.

गुरुवारी मी खिडकी सोडली नाही. सख्खी बहीण म्हणून खाली समितीजवळ फिरकणं मला शोभलं नसतं. वरून आवाज येत नव्हता, फक्त दिसत होतं.

अकरा मुली मैदानावर पसरल्या. धाकटी मधोमध जाऊन काहीतरी बोलली, मग बाजूला झाली. आणि मुली धावायला लागल्या. चेंडू नाही, काही नाही. एक पुढे झेपावली, दुसरी तिची जागा भरायला आत आली, मागच्या चौघी एकदम डावीकडे सरकल्या. सुरुवातीला धाकटी चालता चालता काहीतरी सांगत होती. मग तिने बोलणं थांबवलं आणि हात पाठीमागे बांधून नुसती उभी राहिली.

हा सराव मी पूर्वीही पाहिला होता, पण पुस्तकांवर शिक्के मारता मारता, अर्धवट. त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. दोन माणसांनी चादर धरावी आणि एकाने ओढली की दुसऱ्याचा हात आपोआप हलावा, तसं काहीतरी होतं ते. डावीकडची धावली की उजवीकडची हलायची, मध्ये एवढं मैदान असूनही. मला फुटबॉल कळत नाही, पण एवढं दिसलं की यात उगीच धावणारी एकही मुलगी नव्हती.

हे वरून. खाली खुर्चीत बसलेल्या माणसाला मात्र फक्त चार-पाच मुली इकडून तिकडे पळताना दिसत असणार. अध्यक्षबाईंनी घड्याळ बघितलं. मग प्राचार्यांकडे वाकून काहीतरी विचारलं. प्राचार्य आमचे अतिशय टापटिपीचे. समारंभात एक खुर्ची कमी पडली तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्यांनी मैदान सांभाळणाऱ्या मामांना हाक मारली, हातवारे केले, आणि मामा लगबगीने सामानाच्या खोलीकडे निघाले.

माझ्या लक्षात आलं. प्राचार्यांना वाटलं होतं, चेंडू आणायचेच राहिले.

मामा जाळीच्या पिशवीत चेंडू घेऊन परत आले आणि रेषेवर घुटमळले. त्यांना हा सराव ठाऊक होता. पण प्राचार्य हात हलवून "टाका, टाका" म्हणत असणार, कारण मामांनी तोंड फिरवून एक चेंडू आत सोडून दिला. तो गडगडत मैदानाच्या मधोमध गेला आणि थांबला. आमची एक मुलगी धावत आली, त्याला वळसा घालून पुढे निघून गेली. दुसरीने त्याच्यावरून उडी मारली. जणू तिथे कुणी विसरलेली चप्पल पडली आहे. शेवटी कर्णधार मुलीने पळता पळता तो पायाने बाहेर ढकलून मामांकडे पाठवला आणि खेळ तसाच चालू राहिला.

 प्राचार्यांनी दिलेला चेंडू, अध्यक्षबाईंच्या देखत, परत. खिडकीशी उभी असलेली मुलं खिदळली, त्यांना मी गप्प केलं.

प्राचार्य उठले. चकचकीत बुटांनी ते थेट मैदानात शिरले. त्यांनी दोन्ही हात वर केले तशा सगळ्या मुली आहेत तिथे थांबल्या. धाकटी जागची हलली नाही. प्राचार्यांनी एका मुलीकडे बघितलं, मग सगळ्यांवरून नजर फिरवली आणि काहीतरी विचारलं. काय ते मला संध्याकाळी कळलं. त्यांनी विचारलं होतं, "चेंडू कुठे आहे?"

अकरा हात उठले. मैदानाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून, कुणी जवळून, कुणी फार लांबून. आणि सगळी बोटं एकाच जागेकडे. डाव्या रेषेजवळ, मोकळं गवत.

प्राचार्य त्या जागेपर्यंत चालत गेले. खाली वाकून बघितलं. मग मान वर करून पुन्हा एकदा सगळ्यांच्या बोटांकडे बघितलं, शाळकरी मुलाने फळ्यावरचं गणित पडताळून बघावं तसं. मग ते परत फिरले, आणि फिरताना त्या जागेवरून गेले नाहीत. बाजूने गेले. वळसा घालून.

ते बघितलं आणि मी टेबलाशी येऊन बसले. पुढचं बघायची गरज वाटली नाही.

मुलाखतीतलं मला धाकटीने सांगितलं तेवढंच ठाऊक आहे. अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुमचा आवाज आम्हाला एकदाही ऐकू आला नाही. मैदानावर असं कसं चालेल?" ती म्हणाली, "मुलींना ऐकू येत होता." अध्यक्षबाई म्हणाल्या, "पण आम्हाला?" तर ही म्हणते, "तुम्हाला मागे यायचं नव्हतं, मॅडम."

"असं बोललीस?" मी कपाळाला हात लावला.

"खरंच नव्हतं यायचं त्यांना मागे."

समितीतले बाहेरच्या कॉलेजचे एक गृहस्थ शेवटपर्यंत नऊ नंबरच्या बाजूने होते आणि त्यांनी ते लपवलंही नाही. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. नावाजलेला माणूस आला की चांगल्या मुली आपणहून येतात. नऊ नंबरने तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "मी वरच्या पायरीवरून तुमचा तास बघितला," तो म्हणाला. "आयुष्यभर मी चेंडूची वाट बघत उभा राहिलो. तुम्ही मला पहिल्या दिवशीच संघाबाहेर बसवलं असतं." ती म्हणाली, "पहिल्या दिवशी नाही. समजावून बघितलं असतं." पुढे तो दुसऱ्या कॉलेजात कोच झाला आणि त्याच्या संघाने आम्हाला बऱ्याचदा त्रास दिला.

शुक्रवारी दुपारी प्राचार्य वाचनालयात आले. माझ्या टेबलाशी उभे राहून म्हणाले, "तुमच्या बहिणीला सांगा," आणि मग थांबून, "नको. हे मीच जाऊन सांगायला हवं," असं म्हणून खाली गेले. त्यांच्या बुटांना अजून गवत चिकटलेलं होतं.

शनिवारची मॅच आम्ही एका गोलने हरलो, हे आत्ताच सांगून टाकते. पुढे सांगितलं तर उगीच मोठं वाटेल. तगडा संघ होता, चांगले खेळले. त्याच वर्षी पुढे आम्ही त्यांच्याशी बरोबरी केली, आणि नंतर जिंकत गेलो, हरत गेलो, बहुतेक वेळा जिंकत. तिच्या हाताखालच्या कितीतरी मुली आज स्वतः कोच आहेत. त्यांतली कुणी भेटली की मला वाकून नमस्कार करते आणि मग हळू आवाजात बोलते. सगळ्यांचे घसे गेलेत की काय, असं हे विचारायचे.

पण मला आठवतो तो शुक्रवार. नेमणुकीचं कळल्यावर मी लवकर कुलूप लावलं आणि खाली गेले. धाकटी फाटकाशी उभी होती. आम्ही घराच्या दिशेने चालायला लागलो. मला रडू येत होतं आणि हसूही, म्हणून मी बोलत सुटले.

"अकराच्या अकरा जणी. एकही बोट इकडे-तिकडे नाही. मी वरून बघत होते, माझ्या अंगावर काटा आला."

"दहा," ती म्हणाली.

"काय दहा?"

"दहा जणींना माहीत होतं. शिडीने आधी बाकीच्यांकडे बघितलं आणि मग बोट केलं." शिडी म्हणजे आमची गोलकीपर, उंच, जाळ्याच्या वरच्या दांड्याला सहज हात लागायचा तिचा. "डोळ्याचं पातं लवेपर्यंतचाच उशीर. पण बघितलं."

मी रस्त्यातच थांबले. "आणि हे तू समितीला सांगितलं नाहीस?"

"मला विचारलं नाही कुणी."

"आणि विचारलं असतं तर?"

"तर सांगितलं असतं. दहा काही कमी नाहीत." ती सहज बोलली, जणू निकाल काहीही लागला असता तरी तिचं गणित बदलणार नव्हतं. मग दोन पावलं चालून तीही थांबली. "गोलकीपरला चेंडू कुठे आहे ते कळत नाही, म्हणजे समोर कुणीतरी तिची नजर अडवतंय. उभं राहायची जागा चुकतेय. तिची नाही, बचावातल्या उजवीकडच्या मुलीची. कालपासून मी तेच बघतेय डोळ्यांसमोर."

"आज मोकळे पाय करायचे असतात म्हणालीस ना?"

"पाय मोकळेच ठेवते. मुली अजून आवरतच असतील, नुसतं उभं करून दाखवते, धावायचं नाही." तिने खांद्यावरची पिशवी काढून माझ्या हातात दिली. "तू हो पुढे. भाऊजींना सांग, मला उशीर होईल, जेवायला थांबू नका."

"अगं, आजच्या दिवस तरी घरी चल. साजरं करू काहीतरी."

"करू की. रविवारी," ती म्हणाली, आणि त्या ऑपरेशननंतर कधीच पुरता न वाकलेला गुडघा जरासा ओढत, पण चांगल्या झपाट्याने, परत फाटकाकडे निघाली.